साळूचं बाळसं

आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडं बायकाबी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलत्यात, तवा ऐकताना घोटाळा करून घेऊ नका. मी शांतव्वा, गंगावेशीतल्या गिरणीवाल्या शंकरप्पांची सून. माहेर संकेश्वरचं, त्यामुळं सासऱ्यांना मी कानडी रीतीनं 'मावा' म्हणायचो. कोल्हापुरात मावा म्हणजे तंबाखूची पुडी. गिरणीत आलेली पोरं माझं 'ओ मावा' ऐकून फिदीफिदी हसायची, आन् मी त्यांना असं झापायचो की परत दात दिसायचे न्हाईत.

तर साळूचं सांगतो. साळू म्हणजे आकाराम टांगेवाल्याची घोडी. तिच्या मरणाबद्दल पेठेत अजून कायबाय बोलत्यात. त्यातलं एक अक्षरबी खरं न्हाय. ती मेली आमच्या घरच्या खाण्यानं, आन् ते खाणं जीव लावून घातलेलं होतं. मला राग येतो तो त्याचाच.

आकारामचा टांगा गंगावेशीतच उभा असायचा. पन्हाळ्याकडची माणसं भाताची पोती घेऊन एस्टीनं उतरली की हा त्यांना पोत्यांसकट आमच्या दारात आणून सोडायचा. मावा आन् तो बरोबरीचे. मावा तोंड उघडायचे न्हाईत, आकाराम मिटायचा न्हाय, म्हणून त्यांचं जमलं असावं. दुपारी गिरणी थंडावली की दोघं पायरीवर बसून च्या प्यायचे आन् साळू समोर उभी राहून पेंगायची. मग रिक्षा वाढल्या. टांग्यात बसायची माणसांना लाज वाटाय लागली. आकारामची कमाई घटली तसं साळूचं खाणंबी घटलं. वाळलं गवत, कधी मूठभर हरभरा, एवढंच. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी दिसायची.

माव्यांना ते बघवायचं न्हाय. आम्ही लिंगायत माणसं. दारात आलेला जीव उपाशी परतवायचा न्हाय, ही आमची रीत. दासोह म्हणत्यात त्याला. मावा म्हणायचे, "आकाराम, पाटीभर कोंडा घेऊन जा की रोज. माझं काय जातंय?" आकाराम मान हलवायचा. "नगं शंकरप्पा. पळतीया नव्हं ती? मग झालं तर."

आन् पळायची की ती! एवढीशी काटकुळी, पण रंकाळ्याच्या वाटेनं निघाली की रिक्षावाल्यांना मागं टाकायची.

शहाण्णवच्या थंडीत आकारामची छाती धरली. सरकारी दवाखान्यात होता. मी डबा घेऊन गेलतो, मावाबी होते. आकाराम बोलायला लागला की शब्दाशब्दाला धाप लागायची. "शंकरप्पा, बायडीला तिचा भाऊ बघंल. मूलबाळ तर न्हायच आमाला. साळूला तेवढं उपाशी ठिवू नगंस." माव्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आन् म्हणाले, "माझ्या दारात ती एक येळ जरी उपाशी ऱ्हायली, तर ह्या लिंगाची पूजा करायचा हक्क न्हाय मला."

असली आण आमच्यात सहजासहजी कोण घेत न्हाय. मी डबा तसाच धरून उभा राहिलो.

आकाराम गेला. त्याची बायको बायडाबाई मलकापूरला भावाकडं गेली आन् साळू आमच्या गिरणीमागच्या पत्र्याखाली आली. तिथनं तिचे लाड सुरू झाले. आमची भात भरडायची गिरणी. तूस एकीकडं पडतंय, तांदूळ एकीकडं, आन् तांदळावरचा तो मऊ, तेलकट, गोडूस वासाचा कोंडा एकीकडं. त्या कोंड्यासाठी म्हशीवाले सकाळधरनं नंबर लावायचे. माव्यांनी त्यांना सांगून टाकलं, आधी साळूचं, उरलं तर तुमचं. रोज सकाळ-संध्याकाळ बादली भरून कोंडा, वर गुळाचं पाणी. उसाचा हंगाम असला की हिरव्यागार वाड्याच्या पेंढ्या. वाडं म्हणजे उसाचा शेंडा, आमच्याकडं हंगामात कोपऱ्याकोपऱ्यावर त्याचे ढीग पडत्यात. गवत? मावा म्हणायचे, "गवत खाऊन खाऊनच बरगड्या निघाल्यात तिच्या. आता खाऊ दे पोटभर."

मी टोमणा मारायचो, "मावा, माझ्या दोन बाळंतपणांत मला एवढा खुराक मिळाला न्हाय."

"तू काय टांगा वढत होतीस?" असं म्हणून मावा हसायचे. खरं सांगतो, सासूबाई गेल्यापासनं त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदा बघितलं ते साळू आल्यावर. बादली घेऊन जायचे आन् तिच्याशी कानडीत बोलायचे. "बा अव्वा, तिन्नु." म्हणजे ये आई, खा. गिरणी धडधडत असली तरी ह्यांचं चालूच. मग मी तरी कशाला आड येऊ?

साळू गुबगुबीत झाली. कातडी अशी चकाकायची की बघत राहावं. शेजारची चिमणाबाई, सगळ्या गल्लीचं वर्तमानपत्र, ती म्हणायची, "अप्पा, आकाराम वरनं बघत असंल तर त्याचे डोळे निवले असतील." त्या दिवशी बादलीत आणखी दोन मुठी पडायच्या.

वरीस सरलं आन् साळूचं तोंड भरायला लागलं. डोळ्याखालनं नाकापर्यंत दोन्ही बाजूंनी फुगीर. मावा तिच्या गालावर हात फिरवून सगळ्यांना दाखवायचे, "बाळसं धरलंय बघा." आम्हीबी मान डोलवायचो. पण मला काहीतरी खटकत होतं. तिच्या पुढ्यात चघळलेला चोथा पडलेला दिसायचा. चालताना एक दिवस ह्या पायानं लंगडायची, दुसऱ्या दिवशी त्या. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वय झालंय तिचं." आमचे हे, सोमशेखर, जगबुडी आली तरी 'ओल दिसतीया' म्हणणारा माणूस. माव्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "अंगात ताकद कमी पडत असंल," आन् कोंडा वाढवला.

शेवटी मीच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. अवंतिकाबाई म्हणून होत्या, पुण्याकडनं नवीनच आलेल्या. मोपेड लावली, साळूच्या तोंडावर बोटानं टकटक केलं, दातांना हात लावून बघितलं, चालवून बघितलं. मग विचारलं, "हिला खायला काय देता?"

माव्यांनी अभिमानानं सांगितलं. कोंडा, गूळ, वाडं. पोटभर.

बाईंनी हात पुसले. मग म्हणाल्या, "अप्पा, रागावू नका. हे बाळसं नाही. हिची हाडं फुगली आहेत."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आन् मला ते अजून पाठ हाय. हाडाला दोन गोष्टी लागत्यात, एक कॅल्शियम, म्हणजे आपला चुना समजा, आन् दुसरं फॉस्फरस. घोड्याच्या खाण्यात चुना जास्त आन् फॉस्फरस कमी, असा मेळ पाहिजे. कोंड्यात सगळं उलटं. फॉस्फरस भरमसाट, चुना जवळजवळ न्हायच. त्यात वाडं असं की जो थोडाफार चुना पोटात जातोय तोबी अंगी लागू देत न्हाय. मग रक्ताला चुना कमी पडला की शरीर तो स्वतःच्याच हाडांतनं काढून घेतंय. असं वरीसभर काढत राहिलं की हाडं आतनं पोकळ. "वरून गुबगुबीत दिसते, पण आतून ती उपाशी आहे," असं बाई म्हणाल्या.

'उपाशी' म्हणल्यावर माव्यांचं तोंड असं झालं की मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

"माझ्या कोंड्यावर ह्या पेठेच्या म्हशी जगत्यात, बाई," ते म्हणाले. आवाज चढला होता. "आन् माझ्या कोंड्यात विष हाय म्हणताय व्हय?"

"विष नाही, अप्पा. म्हैस रवंथ करते, तिचं पोट वेगळं. आणि म्हैस नुसत्या कोंड्यावर जगत नाही. मीठ चांगलंच असतं, म्हणून कोणी भाताऐवजी मीठ खात नाही ना?"

कोंडा बंद, वाडं बंद. वाळलं गवत, लसूणघास, थोडा हरभरा. चुनखडीची पूड आन् मिनरल मिक्श्चर मापानं. सकाळचं ऊन. पळवायचं तर न्हायच, नुसतं सावकाश फिरवायचं. "हाड भरून यायला वर्ष लागेल. तोवर जोराचा पाय पडला तर मोडेल," एवढं बजावून बाई गेल्या.

मावा त्या रात्री जेवले न्हाईत. पण दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं लसूणघासाच्या पेंढ्या आणल्या. मला वाटलं, सुटलो.

कसलं सुटलो! साळूला कोंड्याची चटक लागलेली. गवत हुंगायची आन् तोंड फिरवायची. बादलीची वेळ झाली की खुरानं पत्रा बडवायची, खिंकाळायची. मावा गिरणीत उभे असायचे, पण सगळा जीव त्या आवाजाकडं. गिऱ्हाईक काय बोलतंय ह्यांना कळायचं न्हाय. एकदा म्हणाले, "शांतव्वा, तिला वाटत असंल, ह्या माणसानं शब्द मोडला." मी म्हणलो, "तिला काय वाटत न्हाय मावा, जनावर हाय ते. खाईल चार दिसांनी." आन् खायलाबी लागली ती. तरी लंगडणं कमी होईना. बाईंनी येऊन बघितलं, कपाळाला आठी. "मी सांगितलं तसंच चाललंय ना?" मी छातीठोकपणे व्हय म्हणलो.

एक दिवस पहाटे पाण्याला उठलो तर गिरणीमागं कुजबुज. "तिन्नु अव्वा, तिन्नु." जाऊन बघतो तर मावा अंधारात बादली धरून उभे, आन् साळूचं तोंड बादलीत बुडालेलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासरा-बिसरा काय बघितलं न्हाय. "मारताय तुम्ही तिला, मावा!" मी ओरडलो. "आकाराम उपाशी ठेवायचा तर पळत होती ती. तुम्ही खायला घालून मारताय!"

बोललो आन् जीभ चावली. पण बोललेलं परत घेता येतंय व्हय? माव्यांच्या हातनं बादली सुटली. कोंडा चिखलात सांडला. साळू वाकून तोच चाटायला लागली तर मावा गुडघ्यावर बसले आन् दोन्ही हातांनी कोंडा बाजूला लोटायला लागले. वाईट रडले. म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडतोय आन् मी शेजारी उभा. मग मीबी बसलो आन् कोंडा भरायला लागलो.

त्या दिवसानंतर माव्यांनी कोंड्याला हात लावला न्हाय. साळूचं सगळं मापात. मिनरल मिक्श्चर तराजूवर तोलून घालायचे. मध्ये एकदा त्यांनी विचारलंतं, "दुप्पट घातलं तर लौकर भरंल का हाड?" बाई म्हणाल्या, "अप्पा, पुन्हा तेच करू नका. जास्त म्हणजे चांगलं नसतं." मावा म्हणाले, "व्हय, चुकलो," आन् तेवढंच घालत राहिले. रोज सकाळी दावं धरून तिला उन्हात फिरवायचे, पाऊल पाऊल. पावसाळा संपत आला तवा साळू लंगडायची थांबली. चोथा पडायचा बंद झाला. तोंडाची सूज तेवढी तशीच राहिली. बाई म्हणाल्या, अजून सहा-आठ महिने गेले की धोका टळला.

माव्यांना धीर आला. मलकापूरकडचा कृष्णात म्हणून एकजण भात घेऊन यायचा, त्याच्याबरोबर त्यांनी बायडाबाईला सांगावा धाडला. खंडेनवमीला ये, साळू बघून जा. मला म्हणाले, "आकारामचं माणूस एकदा बघून गेलं की मी मोकळा."

खंडेनवमीला आमची गिरणी बंद. यंत्रं धुवायची, झेंडूच्या माळा घालायच्या, पूजा करायची. आकारामबी त्या दिवशी टांगा सजवायचा आन् बायडाबाई साळूला ओवाळायची, ही त्यांची दरसालची रीत. बायडाबाई आली. पार वाळली होती. कपाळ मोकळं. अंगणात गल्लीतली पाच-सहा माणसं जमली होती, चिमणाबाई सगळ्यात पुढं. माव्यांनी ओवाळायचं ताट बायडाबाईच्या पुढं केलं.

ती मागं सरली. "मी कशी ओवाळू अप्पा? सुनंला ओवाळू द्या की."

"आमच्यात असलं काय मानत न्हाईत," मावा म्हणाले. "तुझाच मान हाय. धर ताट."

तिनं ताट धरलं. चिमणाबाईनं शेजारणीकडं बघितलं, ते मी बघितलं. मावा मागं गेले आन् साळूला दावं धरून हळूहळू घेऊन आले. तिच्या कपाळावर गोंडा बांधला होता. गिरणी बंद, सगळं शांत. बायडाबाईला हुंदका आला आन् ती पूर्वीसारखी बोलून गेली, "साळे, ए माज्या साळे."

साळूचे कान उभे राहिले. त्या म्हाताऱ्याच्या हातातनं दावं कधी सुटलं ते त्यालाच कळलं न्हाय. साळू पळाली. दोन वर्षांनी पहिल्यांदा पळाली. अंगण असं केवढं, पण ती आकारामच्या वेळी पळायची तशी पळाली, आन् फरशीवर पुढचा पाय पडला तसा आवाज झाला. वाळकं लाकूड मोडावं तसा. ती तीन पायांवर तशीच लंगडत गेली आन् तोंड बायडाबाईच्या पदरात घातलं.

अवंतिकाबाई आल्या, पाय बघितला, आन् माव्यांकडं बघून नुसती मान हलवली. इंजेक्शन दिलं तवा साळूचं डोकं माव्यांच्या मांडीवर होतं. मावा काय बोलत होते ते मला ऐकू आलं न्हाय, ओठ तेवढे हलत होते.

बायडाबाई भिंतीला टेकून बसलेली. ताट उपडं पडलेलं. तेवढ्यात चिमणाबाई बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "कपाळाला कुकू न्हाय आन् ओवाळायला पुढं! दुसरं काय व्हणार?"

मी तिच्या अंगावर धावून जाणारच होतो. पण बायडाबाईच बोलली. "खरं हाय तिचं. माजाच पाय वंगाळ. आदी मालकाला खाल्लं, आता हिला."

मावा उठले. धोतराला घोड्याच्या तोंडचा फेस लागला होता. सगळ्यांच्या पुढं येऊन उभे राहिले आन् म्हणाले, "बायडा, ऐक. तुझं काय न्हाय ह्यात. मी मारली तिला. माझ्या कोंड्यानं तिची हाडं पोखरली. डॉक्टरीणबाई बंद करा म्हणाल्या, तरी चोरून घालत राहिलो. आकारामला दिलेला शब्द मी मोडला. लिंगाची आण मोडली."

जो माणूस उभ्या जन्मात चार वाक्यं एकदम बोलला न्हाय, त्यानं हे सगळं भर अंगणात बोलून दाखवलं. मी म्हणलो, "खरं हाय हो ते! विचारा ह्या बाईंना." अवंतिकाबाईंनीबी सांगायला सुरुवात केली, चुना, हाडं, कोंडा.

कोण ऐकतंय? चिमणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "केवढं मन अप्पांचं! तिच्यावरचा बोल सवताच्या अंगावर घेतला." बाकीच्यांनीबी माना डोलावल्या. आन् बायडाबाई उठून आली, माव्यांच्या पायावर डोकं ठेवलं आन् म्हणाली, "अप्पा, खाऊन कोण मरतंय व्हय? तुमी देवमाणूस. माज्यासाटी खोटं बोलू नगासा."

मावा "न्हाय गं, न्हाय गं" करत राहिले. ती रडत राहिली. तिला उठवायला ते वाकले, तर त्यांनाच उठता येईना.

साळूला पंचगंगेकडच्या मळ्यात पुरलं. त्यानंतर माव्यांनी लिंगाची पूजा केली न्हाय. रोज आंघोळ करायचे आन् नुसते बसून राहायचे. दोनदा मलकापूरला जाऊन आले, बायडाबाईला पुन्हा तेच सांगायला. दोन्ही वेळा तिनं च्या केला, पाया पडली, आन् तिथल्या माणसांना सांगितलं, बघा, अजून माझा दोष स्वतःवर घेत्यात. दुसऱ्यांदा परत आल्यावर मला म्हणाले, "शांतव्वा, लोक खोट्याला फसत्यात. माझं खरंच कोण घेईना झालंय की गं."

दोन हजार एकला मावा गेले. आमच्यात माणसाला बसवून नेत्यात, बसवूनच पुरत्यात. अंगणात फुलांनी सजवून बसवलेले, गल्ली माणसांनी भरलेली. तेवढ्यात कृष्णात येऊन कानात म्हणाला, बायडाबाई आलीया, पण गल्लीच्या तोंडालाच थांबलीया.

मी गर्दीतनं वाट काढत गेलो. ती भिंतीला लागून उभी होती. "चल आत," मी म्हणलो, "दर्शन घे."

"नगं बाई. त्यांच्या शेवटच्या वाटंत माजा पाय नगं."

मी तिचा हात धरून ओढला. शिव्या घातल्या. रडलो. "अगं, तुझ्यामुळं न्हाय गं मेली ती, कोंड्यानं मेली! तो माणूस हे सांगत सांगत मेला!" लोक बघायला लागले. बायडाबाईनं माझे डोळे स्वतःच्या पदरानं पुसले आन् म्हणाली, "सासऱ्यावानीच हायस तू बी."

आन् तिथनंच हात जोडून ती परत फिरली.